अण्णाचा एकच जीव

१

दुपारची जेवणं झाली की आमचं घर मरतं. अप्पा दिवाणावर, तोंडावर पेपर. अम्मा स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर. बहीण भार्गवी व्हाइटफील्डला ऑफिसात, आणि घरून काम असलं तर तिच्या खोलीत, कानात इअरफोनची बोंडं घालून. खाली चामराजपेटच्या रस्त्यावर एखादी ऑटो जाते तेवढीच. दोन ते चार मी मागच्या खोलीत काय करतो ते कुणी विचारत नाही. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडल्यापासून मला कुणी काही विचारतच नाही. फक्त सांगतात.

मी गेम खेळतो. जुन्या डेस्कटॉपवर, ज्याला इंटरनेटची वायर कधीच लागलेली नाही. तलवारवाला एक माणूस, गुहा, राक्षस, मध्ये एक गाव. या गेममध्ये हार्डकोर म्हणून एक प्रकार आहे. साध्या प्रकारात मेलात तर परत उठता. हार्डकोरमध्ये एकच जीव. मेला की तो माणूस कायमचा पुसला जातो, नाव, लेव्हल, जमवलेलं सगळं, कितीही वर्षं खेळलेला असला तरी. त्यामुळे हार्डकोर खेळणारे शूर वगैरे नसतात. भित्रे असतात. प्रत्येक वळणावर थांबतात. जीव अर्ध्यावर आला की पट्ट्याला लावलेली औषधाची लाल बाटली पितात. बाटली प्यायल्यावर स्पीकरमधून 'गट्' असा आवाज येतो. त्या आवाजाइतका सुटकेचा आवाज मला दुसरा ठाऊक नाही.

सोमवारी मी त्याला गावात शेकोटीजवळ उभा करून मशीन बंद केलं. पट्ट्याला सात बाटल्या. मोजल्याशिवाय मी उठत नाही.

मंगळवारी दोन वाजता मशीन लावलं. बाटल्या सहा.

आणि तो शेकोटीजवळ नव्हता. दहा पावलं पुढे, गावाच्या वेशीकडे तोंड करून उभा होता.

मोजण्यात चुकलो असेन, असं म्हणालो. माणूस असंच म्हणतो.

२

हा तलवारवाला माझा नाही. अण्णाचा आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, अवधूत. आमच्यासारख्या तीनशे वर्षं इथे, कन्नड मुलखात, मुरलेल्या मराठी घरांत थोरल्या भावाला कन्नडासारखं अण्णाच म्हणतात. पुण्याहून आलेल्यांना ते ऐकून हसू येतं. येऊ दे.

मी अकरा वर्षांचा होतो. अण्णा बावीसचा. त्याचे दोन विषय राहिले होते आणि तो दुपारभर या मशीनसमोर असायचा. मी शेजारी स्टुलावर बसून बाटल्या मोजायचो, ते माझं काम. त्या दुपारी तो मोठ्या लढाईत होता. अप्पा दारात आले, आपल्या वडिलांपासून सुरुवात करून खानदानाचं सगळं बोलून झालं, अण्णाने मान वळवली नाही. मग अप्पा वाकले आणि त्यांनी भिंतीतला प्लग ओढला.

स्क्रीन काळी झाली. अण्णा थोडा वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसला. मग उठला, चपला घातल्या आणि जिना उतरला. परत आला नाही.

अप्पा पुढे सगळ्यांना सांगत राहिले की तो प्लग सैल होता, पाय लागून सुटला. पोलिसांत तक्रार दिली नाही, कारण लोक काय म्हणतील. नातेवाइकांना सांगितलं, दुबईला आहे. मग, सिंगापूरला. मग नातेवाइकांनीच विचारणं सोडलं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना मुलगा हरवल्याची लाज वाटते, हरवल्याचं दुःख नंतर, वेळ मिळाला तर.

या वर्षी कॉलेज सोडल्यावर मी ते मशीन पुसलं. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेली होती, एस.पी. रोडच्या बाजारातून नवी आणली, तारीख लावली. गेम उघडली. यादीत एकच नाव होतं, अवधूत. जीव थोडा, बाटली एकही नाही, पण जिवंत. बारा वर्षं कुणीतरी त्याला अर्ध्या लढाईत सोडलेला, आणि तो मेला नव्हता.

मी त्याला बाहेर काढला. त्यानंतर तीन महिने मी त्याला मरू दिलेला नाही. ही माझी या जगातली एकमेव कमाई, हसायचं असेल तर हसा.

३

त्या सोमवारी संध्याकाळी काय झालं ते आता सांगायला हवं.

भार्गवीचं लग्न ठरतंय. मुलगा वेदांत, पुण्याचा, तिच्याच ऑफिसात. मुलगा सरळ आहे. त्याचे वडील विश्वासराव आले होते, इडली खाताना त्यांनी सहज विचारलं, मोठे चिरंजीव काय करतात? अप्पांचा घास थांबला. विश्वासराव गेल्यावर अप्पांनी कपाटातली बरणी काढली.

ती बरणी अम्माची. अण्णा गेला त्या दिवशी वद्य पंचमी होती. तेव्हापासून दर महिन्याच्या वद्य पंचमीला अम्मा देवापुढे एक सुपारी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ती लोणच्याच्या जुन्या बरणीत टाकते. त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. बाकी अण्णाची घरात काही खूण नाही, कपडेसुद्धा दिले. तो नक्की कुठल्या तारखेला गेला हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि अप्पांच्या देखत विचारायची सोय नव्हती.

अप्पांनी सुपाऱ्या दिवाणावर ओतल्या आणि बाराबाराच्या रांगा लावल्या. बारा रांगा झाल्या. एकही सुपारी उरली नाही.

"एकशे चव्वेचाळीस," अप्पा म्हणाले. "बारा वर्षं झाली."

आमच्यात रीत आहे. माणूस बारा वर्षं परतला नाही, काही कळलं नाही, की तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचे तीनशेसाठ देठ घेऊन त्यांचा पुतळा बांधायचा, डोक्याला नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तेरा दिवस. मग तो माणूस सुटला, आणि घरचेही. विचारणाऱ्याला सरळ सांगता येतं, आमचा मोठा मुलगा वारला. हरवला म्हटलं की लोक खोदून विचारतात, वारला म्हटलं की गप्प बसतात. अप्पांना ते गप्प बसणं हवं होतं.

पुढच्या बुधवारी श्रीरंगपट्टणला, नदीवर, असं ठरलं. भटजींना फोनही झाला. मी म्हणालो, तुम्ही एकदा त्याचा प्लग ओढलात, आता दुसऱ्यांदा ओढताय. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अम्मा सुपाऱ्या एकेक करून परत बरणीत भरत होती.

हे सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी बाटल्या सहा.

४

मी देव मानत नाही, भुतं त्याहून कमी. मशीनची वस्तू बिघडली तर कारण मशीनमध्ये असतं किंवा माणसात. म्हणून आधी माणूस बघितला.

भार्गवीला विचारलं, माझ्या मागे कुणी मशीनला हात लावतं का. ती म्हणाली, तिला बारा मीटिंगा असतात आणि त्या धुळीच्या डब्याला हात लावण्यापेक्षा ती तेराव्या मीटिंगला बसेल. खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती इंग्रजीत जाते.

मग मशीन. मी पंधरा बाटल्या जमवल्या, त्याला शेकोटीला अगदी चिकटून उभा केला, मशीन बंद केलं आणि मागची पॉवर केबलच काढून माझ्या बॅगेत ठेवली. बॅग उशाशी. आता मशीनला वीज मिळायला वाटच नाही.

बुधवारी केबल लावून उघडलं. बाटल्या बारा. जीव निम्मा. तो शेकोटीपासून वीस पावलांवर, वेशीच्या खांबाशी उभा होता, आणि त्याच्या ढालीवर एक चीर होती जी मी पाडलेली नव्हती.

फाइल खराब झाली असेल. जुनी डिस्क आहे. खराब फाइल आकडे कमीजास्त करते, हे मला पटतं. पण खराब फाइल माणसाला दर वेळी त्याच दिशेला चालवत नाही.

तिन्ही बाटल्या तो प्यायला होता. म्हणजे त्याला तीन वेळा लागल्या होत्या.

मशीन बंद असताना त्याला कोण मारत होतं?

५

गुरुवारी भटजी येऊन देठ देऊन गेले. नरसिंहाचार त्यांचं नाव, जयनगरला राहतात, स्कूटरवरून येतात. वर्तमानपत्रात बांधलेली जुडी, एवढ्या लांब वाळक्या काड्या. अप्पांनी जागा कुठे शोधावी? मागच्या खोलीत. माझ्या टेबलाखाली, माझ्या पायांशी. बाकी कुठे ठेवलं तर विटाळ. माझ्या पायांशी ठेवलं तर चालतं.

त्या दिवशी मी मशीन लावायच्या आधी जेवायला बसलो. केबल माझ्या बॅगेत, बॅग माझ्या पाठीला लावून ठेवलेली. हो, मी तेवढा वेडा झालो होतो. चौघं खाली बसलो होतो. सारभात.

मागच्या खोलीतून आवाज आला. गट्.

हळू, पण स्वच्छ. मी तो आवाज हजार वेळा ऐकलाय. पाण्याची बाटली तशी वाजत नाही, पाल तशी बोलत नाही, नळ तर मुळीच नाही.

भार्गवीच्या कानात बोंडं होती. अम्मा ताक वाढत होती, तिचा हात हलला नाही. मी अप्पांकडे बघितलं. त्यांचा घास ओठांपर्यंत येऊन थांबला होता. ते मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. त्यांनीही तो आवाज ऐकलेला होता, फक्त आत्ताच नाही, बारा वर्षांपूर्वीही, रोज दुपारी, याच दिवाणावर पेपर तोंडावर घेऊन.

पुन्हा. गट्.

अप्पांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि दिवाणावर भिंतीकडे तोंड करून झोपले. चार वाजेपर्यंत ते हलले नाहीत. झोपलेला माणूस इतका स्थिर नसतो.

६

पुढचे चार दिवस मी फक्त बाटल्या गोळा केल्या.

हे सांगायला सोपं आहे. हार्डकोरमध्ये बाटली फुकट मिळत नाही. गुहेत जावं लागतं, मारावं लागतं, आणि तिथे माझाच हात चुकला तर मीच त्याला मारला. रोज दोन तास मी घामाने भिजून खेळायचो आणि शेवटी त्याचा पट्टा भरून त्याला शेकोटीपाशी आणायचो. वीस. चोवीस. एकदा तीस.

दुसऱ्या दिवशी उघडावं तर अठरा. मग अकरा. मग चार. रात्रभरात तो काय करत होता कोण जाणे, पण दर दिवशी जास्त मार खात होता. आणि दर दिवशी वेशीच्या पुढे. रविवारी वेस ओलांडून पुलावर. सोमवारी पुलाच्या मधोमध. त्या पुलाच्या पलीकडे गेममध्ये काही नाही, नकाशाच संपतो. मी खात्री करून घेतलीय.

पायाला जुडी लागायची. पळसाचे देठ वाळले की जरा धक्क्याने कुरकुरतात. मी पाय वर घेऊन खेळायला लागलो. पाय वर घेतल्यावरही कुरकुरायचे.

सोमवारी अम्मा दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"हा कुठे चाललाय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, कुठे नाही, सुम्ने, उगीच उभाय. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली. पण जाईना. बराच वेळ पुलावरच्या त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत उभी राहिली, जसं कुणी जिन्यावरून उतरणाऱ्याकडे बघावं.

७

मंगळवारी दुपारी नरसिंहाचार पुतळा बांधायला आले. नदीवर वारा असतो, म्हणाले, मागच्या खेपेला अर्धे देठ पाण्यात गेले, म्हणून आता घरीच बांधतो, उद्या नुसता नेऊ. त्यांनी मागच्या खोलीतून जुडी नेली, हॉलमध्ये पाट मांडला, अप्पांना समोर बसवलं. भार्गवी त्या दिवशी घरून काम करत होती. तिने आपलं दार लावून घेतलं.

मी मागच्या खोलीत मशीन लावलं.

बाटल्या शून्य. जीव तीनशे बावन्न. तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. एक पाऊल आणि नकाशा संपतो.

मी त्याला मागे वळवायला माउस दाबला. वळेना. कळा दाबल्या. तो उभाच. आजूबाजूला एकही राक्षस नव्हता. नुसता पूल आणि धुकं.

हॉलमधून भटजींचा आवाज आला. ते मोजून सांगत होते, अप्पा देठ हातात देत होते.

"डोकं. चाळीस."

आकडा तीनशे बारा झाला.

मला वाटलं, डोळे थकले.

"मान. दहा."

तीनशे दोन.

"छाती. वीस. पोट. तीस."

दोनशे बावन्न. कुणी मारत नव्हतं. तो हललासुद्धा नाही, फक्त किंचित वाकला, पोटात दुखल्यासारखा. मी इंजिनिअरिंग सोडलं, वजाबाकी नाही. तीनशेसाठ देठ, आणि याच्याकडे तेवढा जीव नव्हता.

हातांना शंभर लागतात. ते बांधायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या, कुठूनतरी एक बाटली, एक काहीतरी. एका कळेने एक पान उघडलं जे मी तीन महिन्यांत कधी उघडलं नव्हतं. खेळाची वही. प्रत्येक डाव कधी सुरू झाला, कधी संपला, दोन रकाने. खाली माझे डाव, या वर्षीचे. त्यांच्या वर अण्णाचा शेवटचा.

सुरू: ११ डिसेंबर २०१४, दुपारी तीन दहा.

संपला: रकाना रिकामा.

प्लग ओढल्यावर संपल्याची नोंद कोण करणार? यंत्राच्या हिशोबी त्याचा तो डाव अजून चालू होता.

आणि मग ती तारीख मला नीट दिसली. डिसेंबर. आज २०२६ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा होता.

बारा वर्षं झालीच नव्हती.

"हात. शंभर," हॉलमधून आलं. एकशे बावन्न.

मी तारखेकडे बघत बोटांवर महिने मोजले. चार महिन्यांहून जास्त, जवळजवळ पाच महिने कमी. एवढी चूक कशी होईल? अप्पा पंचांगाशिवाय नखं कापत नाहीत. अम्माची सुपारी एक महिना चुकलेली नाही. एक महिनाही नाही. अगदी या जूनमध्ये, अधिक महिना चालू असतानाही, तिने...

"मांड्या. शंभर."

बावन्न. त्याने गुडघा टेकला.

८

मी धावलो. बरणी उचलली आणि भटजींच्या पाटासमोर उपडी केली. सुपाऱ्या पुतळ्यावरून घरंगळत गेल्या. अप्पा ओरडायला तोंड उघडत होते.

"अधिक मास," मी म्हणालो. "अधिकातल्या सुपाऱ्याही यात आहेत."

नरसिंहाचारांचे हात थांबले. पुतळ्याला गुडघ्यापासून खाली पाय नव्हते अजून. साठ देठ बाजूला होते.

त्यांनी अम्माकडे पाहिलं. विचारलं, सत्यवतीबाई, अधिकातही टाकत होतात? अम्मा म्हणाली, हो. अधिक झाला म्हणून मुलगा काय महिनाभर घरी असतो? पंचमी आली की सुपारी.

भटजी कधीही घाई न करणारा माणूस. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, मोठ्याने. आषाढ. ज्येष्ठ. आश्विन. श्रावण. आणि हा परवाचा ज्येष्ठ. पाच अधिक. मग त्यांनी मला तारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी पिशवीतून पंचांगाचं पुस्तक काढलं, मागे गेले. मार्गशीर्ष, वद्य पंचमी. खरी बारा वर्षं येत्या मार्गशीर्षात.

"त्रिविक्रमराव," ते म्हणाले, "अधिक महिना वर्षात धरायचा नसतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

अप्पा म्हणाले, पाच महिन्यांनी काय फरक पडतो. बारा वर्षांत आला नाही तो पाच महिन्यांत येणार आहे का? विश्वासरावांना मी काय सांगू?

नरसिंहाचारांनी उत्तर द्यायच्या आधी पुतळ्याच्या मांडीची गाठ सोडली. मग म्हणाले, "पाच महिने आहेत तोवर तो जिवंत आहे. मी जिवंत माणसाला अग्नी देत नाही."

भार्गवीचं दार कधी उघडलं होतं कळलं नाही. ती दारात उभी होती, कानातली बोंडं हातात. म्हणाली, विश्वासरावांना मी सांगते. मोठा भाऊ आहे, घरातून निघून गेलाय, आम्ही त्याची वाट बघतोय. नाही पटलं तर वेदांतला पुण्याचीच कुणी बघू दे.

अप्पा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्या क्षणी ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले. दया आली असं नाही. पण दिसले.

अम्मा खाली बसली आणि सुपाऱ्या गोळा करू लागली. अप्पांना म्हणाली, तुम्ही वर्षं मोजलीत, मी मोजत नव्हते. तो आला की सगळ्या त्याच्या पुढ्यात ओतणार होते, एवढ्या झाल्या म्हणून.

भटजी एकेक गाठ सोडत होते. हात सुटले. पोट सुटलं. नारळ बाजूला ठेवला. मला मागची खोली आठवली.

९

खोलीत अंधार नव्हता. दुपारचे साडेतीन, खिडकीत ऊन. फक्त स्क्रीन काळी होती. मशीन चालू, पंखा चालू, स्क्रीन तेवढी काळी, जशी त्या दिवशी झाली होती.

मी दारात थांबलो. काळ्या काचेत खोलीचं प्रतिबिंब होतं. खिडकी, दार, दारात मी. आणि माझ्यापुढे, खुर्चीत, एक आकृती. वाकलेली, खांदे पुढे, मान खाली घालून खेळणाऱ्याची असते तशी. केस वाढलेले, ओले असावेत, कपाळाला चिकटलेले. उजवा हात टेबलावर.

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

पुन्हा काचेकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, तोंड दिसलं असतं. पण मला वाटलं, त्याला मान वर करायला लावू नये. लढाईत असलेल्याला हाक मारत नाहीत. हे मला अकराव्या वर्षी कळत होतं.

माउस वाजला. एक टिचकी.

गट्.

स्क्रीन उजळली. तो पुलाच्या अलीकडे होता, गावाच्या बाजूला, वेशीच्या आत. जीव भरत होता, बावन्न, नव्वद, दोनशे, लाल रंग वर चढत गेला आणि काठाला लागून थांबला. पट्ट्याला बाटल्या होत्या. मी मोजल्या. सात. मी जमवलेली त्यात एकही नव्हती.

मी हसत होतो. मागे कुणीतरी श्वास सोडला.

अप्पा दारात होते. त्यांनी काय पाहिलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते रिकाम्या खुर्चीला वळसा घालून गेले, तिला हात न लावता, जसं बसलेल्या माणसाला वळसा घालतात. कोपऱ्यात भिंतीशी कष्टाने उकिडवे बसले. मला वाटलं, आता पुन्हा ओढणार.

त्यांनी प्लगवर तळहात ठेवला आणि तो आत दाबून धरला.

"सैल नव्हता हा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी ओढला होता."

बारा वर्षांत, बरोबर सांगायचं तर अकरा वर्षं आणि सात-आठ महिन्यांत, त्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. क्षमा करणं माझं काम नव्हतं, ज्याचं होतं तो खेळत होता.

आता दुपारी आम्ही दोघं तिथे असतो. अप्पा झोपत नाहीत. कोपऱ्यात प्लास्टिकचं स्टूल टाकून बसतात, हात प्लगवर. मी त्यांना दोनदा सांगितलं की बॅटरीचा यूपीएस आणला तर बसायची गरज नाही. ते म्हणाले, असू दे. बाटल्या आता कमी होत नाहीत. तो शेकोटीपाशीच असतो, पाठ वेशीकडे, तोंड आमच्याकडे. खेळाच्या वहीतला तो वरचा रकाना मी रोज बघतो. अजून रिकामा आहे. मार्गशीर्षाला अजून वेळ आहे, आणि अम्माने काल बरणीत सुपारी टाकली.

मशीन बंद करायच्या आधी अप्पा रोज विचारतात, "किती?"

मी मोजतो. "सात."

"सरी," ते म्हणतात, आणि मशीन नीट बंद झालं असं मी सांगेपर्यंत प्लगवरचा हात काढत नाहीत.